जुन्या मारुती व्हॅनचं गिअर ऑइल घरी बदलताय? या चुका टाळा

दिवाळीनंतरचे दिवस, कापूस वेचणी ऐन भरात. मी अंगणात व्हॅनखाली शिरलो, गिअरबॉक्सचा खालचा नट खोलला आणि जुनं तेल घमेल्यात सोडून दिलं. मग वरच्या, म्हणजे तेल भरायच्या नटाला पाना लावला. तो जागचा हलला नाही. जोर लावला तर डोकं गोल झालं. सहा दिवस व्हॅन अंगणात उभी राहिली आणि वेचणीच्या बायांना भाड्याच्या ऑटोनं शेतात न्यावं लागलं. शेवटी तालुक्याहून मिस्त्रीकाका आले, खाली वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "आधी वरचा खोलत जाय बापू, मंगच खालच्याले हात लाव."

जुनं तेल आत असतं तर गाडी गॅरेजपर्यंत चालवत तरी नेता आली असती. म्हणून ही चूक सगळ्यात वर लिहितो: भरायचा नट मोकळा झाल्याशिवाय खालचा नट उघडायचाच नाही.

यवतमाळकडच्या काळ्या मातीत हे जास्त घडतं. पावसाळ्यात ही माती गाडीच्या पोटाला थापली जाते आणि उन्हाळ्यात सिमेंटसारखी वाळते. नटाच्या खाचेत ती भरलेली असेल तर पाना पूर्ण बसत नाही आणि डोकं जातं. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशनं माती खरवडा, डिझेलच्या फडक्यानं पुसा, गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी पाना लावण्याआधी हातोडीनं हलके दोन ठोके द्या. नट नीट पुसलेला असला की खोलताना खडे आत पडत नाहीत, हाही फायदा. आणि मापाचाच पाना घ्या; चिमट्यानं पकडून फिरवायचा मोह टाळा. गॅसची ज्योत लावून नट तापवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ही पेट्रोलची गाडी आहे.

"९० नंबर द्या" म्हणून तेल आणणं

आपल्याकडे दुकानात जाऊन "गिअर ऑइल ९० नंबर" म्हटलं की समोर येईल तो डबा आपण उचलतो. डब्यावर आणखी एक अक्षर-आकडा असतो, जीएल-४ किंवा जीएल-५, आणि खरा फरक तिथे आहे. गिअर बदलताना दोन दातेरी चाकांचा वेग जुळवायला आत पितळी सिंक्रो रिंग असते. ती घर्षणावर काम करते. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची दाब सोसणारी द्रव्यं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. मागच्या हौसिंगमधल्या (मागच्या चाकांमधला डिफरेन्शियलचा गोळा), एकमेकांवर घासत फिरणाऱ्या हायपॉइड दात्यांना ती हवीतच. गिअरबॉक्सच्या पितळाला मात्र ती मानवत नाहीत: रिंग निसटते, गिअर करकरतो, आणि काही तेलं गरम झाल्यावर पितळ हळूहळू खातात.

१९८४ साली आलेल्या, पुढे १९८८ मध्ये ओम्नी नाव मिळालेल्या या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली, गिअरबॉक्स त्याच्या मागे, आणि लांब शाफ्टनं फिरतं मागचं हौसिंग. म्हणजे तेलाची घरं दोन, आणि तेलंही दोन. गिअरबॉक्सला जीएल-४, हौसिंगला जीएल-५. एकच डबा दोन्हीकडे ओतण्याची सवय फार पसरली आहे, आणि मला ती मनापासून खटकते. थोडे पैसे वाचतात, सिंक्रो जाते. २०१९ नंतर ही गाडी बनत नाही, त्यामुळे आहे तो गिअरबॉक्स जपणं एवढंच आपल्या हातात आहे.

दुसरा गैरसमज जाडीचा. "उन्हाळा आपला कडक, १४० नंबर टाका" असं चंद्रपूर-नागपूरकडे हमखास ऐकू येतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे खरं, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे तो १० च्या खालीही येतो. तेव्हा १४० नंबरचं तेल गुळाच्या पाकासारखं होतं आणि दुसरा गिअर पडता पडत नाही. ८०डब्ल्यू-९० दोन्ही ऋतूंत चालतं. काही जण उलट, "९० म्हणजे फार जाड" म्हणून इंजिन ऑइल मिसळतात. गिअर ऑइलचे नंबर वेगळ्या मापाचे आहेत. गिअर ऑइलचं ९० म्हणजे साधारण इंजिन ऑइलच्या ४०-५० एवढीच जाडी.

गाडी तिरकी ठेवून पातळी बघणं

भरायच्या भोकाची खालची कड हीच तेलाची पातळी. गाडी चारही चाकांवर सपाट असेल तरच ही खूण खरी. आपण पुढून जॅक लावतो, नाक वर करतो, भोकातून तेल सांडेपर्यंत भरतो आणि समाधानानं नट लावतो. गाडी खाली आली की पातळी भलतीच निघते, कधी कमी, कधी जास्त. कमी तेलानं दाते कोरडे पडतात. जास्त झालं तर तेल शाफ्टभोवतीच्या रबरी सीलमधून वाट काढतं. पुढच्या शाफ्टच्या सीलमधून गेलं तर थेट क्लच प्लेटवर. मग चढावर क्लच घसरतो आणि माणूस प्लेट बदलत बसतो.

अंगण उताराचं असेल तर खळ्यावर न्या, ते सपाट केलेलं असतं. गाडी उचलायचीच असेल तर चारही बाजूंनी सारखी उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही शिरू नका. ओल्या काळ्या मातीत जॅक बघता बघता रुततो. खाली जाड फळी हवीच. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, म्हणून मागची चाकं उचलली की तो निरुपयोगी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा.

भरण्यासाठी मी नरसाळ्याला हातभर पारदर्शक नळी जोडतो. तिफणीच्या चाड्यातून नळीवाटे बी जावं तसं वरून तेल सोडायचं, सावकाश. भोकातून धार सुरू झाली की थांबायचं, ती थेंबांवर येऊ द्यायची आणि मग नट लावायचा. एक गोष्ट कळकळीनं सांगतो: फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे किंवा फवारणी पंपाच्या नळ्या या कामाला घेऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपण पाहिलं आहे. तो डबा तेलाचा झाला तरी विषाचाच राहतो.

थंड तेल सोडणं, आणि ते न बघता फेकणं

आठ-दहा किलोमीटर चालवून या, मग सोडा. गार तेल अर्धवट निघतं आणि गाळ तळाशीच राहतो. फक्त सायलेन्सरच्या नळीपासून हात जपा.

निघालेलं तेल उन्हात धरून बघा. नटावर चुंबक असेल तर त्याला राखाडी मऊ लेप असतो, तो साध्या झिजेचा. नखानं उचलता येईल असा तुकडा आला तर दाता किंवा बेअरिंग बोलतंय. तेलात सोनेरी चमक असेल तर सिंक्रो झिजतेय. आणि तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असताना गाडी काढली होती का, आठवा. गरम हौसिंग पाण्यात गार पडतं, आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करायचं बारीक तोंड) पाणी ओढलं जातं. असं तेल लगेच बदला, थोडं चालवून पुन्हा एकदा बदला. ब्रीदर मातीनं बुजला असेल तर आत दाब वाढून सील गळतं. नवं सील टाकण्याआधी ब्रीदर साफ करून बघा. पुष्कळदा तेवढ्यानंच गळती थांबते.

तेल बदललं, तरी गिअर अडतोच?

इथे लोक तेलाला दोष देऊन दुसरा डबा आणतात. आधी इंजिन बंद करून गिअर टाकून बघा. बंद इंजिनात सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनात अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. या व्हॅनचा क्लच केबलवर आहे; केबल ताणली गेली असेल, पेडलचा सैलपणा तपासा. इंजिन बंद असतानाही दांडा ढिला, जागा चुकवत हिंडत असेल तर लिंकेजचे बुश (सांध्यातल्या छोट्या नळ्या) गेलेत. तुमचा दांडा पुढे आणि गिअरबॉक्स मागे, मध्ये लांब जोडणी आहे, तिचे बुश झिजतातच. रिव्हर्सला सिंक्रो नसते. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून क्षणभर थांबून टाका.

आवाजाचंही तसंच. न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबताच शांत, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग बघा. ॲक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा सूर येत असेल तर मागचं हौसिंग.

नट घट्ट करताना जीव खाऊन ओढू नका, ॲल्युमिनियमचे आटे एकदाच जातात. वॉशर असेल तर नवा टाका. निमुळत्या आट्यांचा नट असेल तर आटे साफ करून सीलंट लावा. दुसऱ्या दिवशी गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवा, ५० किलोमीटरनंतर पुन्हा नटाभोवती बोट फिरवून बघा.

जुनं तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. वाळवीसाठी गोठ्याच्या खांबांना लावतात, तेही मी आता बंद केलंय, गुरं खांब चाटतात. झाकणाच्या डब्यात साठवा, वर "जळालं तेल" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि तालुक्याला जाताना जुनं तेल जमा करणाऱ्या गॅरेजवाल्याकडे द्या.