जडावकामाचा जुना साइडबोर्ड: पॉलिशआधीची पाहणी

विदर्भातल्या जुन्या वाड्यांच्या बैठकीत कधीकधी एखादे बुटके, लांबट कपाट असते. त्याच्या दारांवर पितळेची किंवा फिक्या लाकडाची वेलबुट्टी जडवलेली असते आणि घरातली मंडळी त्याला साइडबोर्ड म्हणतात. दिवाळी जवळ आली की पॉलिशवाल्याला बोलावण्याची घाई होते, परंतु कपाटाची अवस्था नीट पाहिल्याशिवाय त्यावर पॉलिश पेपर फिरवू देऊ नये, कारण नक्षीचा थर पुष्कळदा फार पातळ असतो आणि एकदा घासला गेला की तो परत आणता येत नाही.

पाहणी एकदा मे महिन्यात आणि एकदा श्रावणात करावी. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते व फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच; पितळेवर तर हवेतल्या ओलाव्याचा असा परिणाम होत नाही. त्यामुळे पारा ४५ अंशांवर जाऊन हवा कोरडी पडली की खालचे सागवान आकसते, तंतूंना आडवी बसवलेली पितळी पट्टी खोबणीत मावेनाशी होते आणि मध्येच कमानीसारखी वर उठते. अशा वेळी पट्टी ठोकून बसवू नये, ती वाकते. समोरच कूलर असेल, तर दिवसभर ओली हवा आणि वीज गेली की पुन्हा कोरडी, असा मारा लाकडावर होत राहतो. माझ्या मते घरातल्या जडावकामाला उधईइतकाच हा कूलरही घातक आहे.

खिडक्या लावून टॉर्च पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे उचललेल्या कडांची सावली पडते. मग बोटाच्या पेराने हलके ठोकावे. जिथे पोकळ आवाज येतो, तिथे खालचा सरस सुटलेला असतो. या जागा कागदावर दाराचे चित्र काढून त्यात मांडाव्यात. पितळ काळवंडले असले, तरी चिंच लावू नये. तिचे आम्ल आणि पाणी खोबणीत उतरते.

पाय मात्र सावकाश पाहावेत. शेणाने सारवलेल्या जमिनीवरचा ओलावा पायांतून वर चढतो आणि उधई बहुधा तिथूनच येते, म्हणून प्रत्येक पायाखाली सपाट दगड ठेवून कपाट भिंतीपासून वीतभर दूर घ्यावे. लाकडात बारीक गोल छिद्रे दिसली, तर खाली काळा कागद अंथरून आठ दिवस थांबावे. ताजा, पिठासारखा भुगा पडला तर कीड अजून जिवंत असण्याची शक्यता मोठी असते.

रोगण कोणते, हे मागच्या झाकलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब लावून कळते. चपड्याचे, म्हणजे लाखेचे, असेल तर ते चिकट होते. पांढरे डाग बहुधा रोगणापुरतेच असतात, तर लोखंडी खिळ्यांभोवतीचे काळे डाग लाकडात मुरलेले असतात आणि ते घासून जात नाहीत.

नक्षी पांढरी असेल, तर ती हाडाची की हस्तिदंताची हे जाणकाराकडून पाहून घ्यावे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हस्तिदंताच्या विक्रीस बंदी आहे.

निखळलेला तुकडा, कितीही लहान असो, फेविकॉलने चिकटवू नये. तो पाकिटात घालून, वर जागा लिहून, त्याच कपाटाच्या खणात ठेवावा.