बिझनेस स्कूलचा विस्तार आणि संपर्क: गोव्यात काम कोठून सुरू करावे

विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये विस्तार आणि संपर्काची, म्हणजे महाविद्यालये, उद्योग व माजी विद्यार्थी यांच्यापर्यंत पोहोचण्याची, जबाबदारी बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे अध्यापनाच्या जोडीने सोपवली जाते आणि पहिल्याच बैठकीत माहितीपत्रक, फलक व समाजमाध्यमांवरील जाहिराती यांचा विषय निघतो. तो विषय काही काळ बाजूला ठेवावा. आधी मागील दोन-तीन वर्षांच्या प्रवेशाच्या नोंदी काढाव्यात आणि किती जणांनी चौकशी केली, किती जणांनी अर्ज भरला, किती जणांना जागा मिळाली व किती जणांनी प्रत्यक्ष शुल्क भरले, हे चार आकडे तालुकावार आणि महाविद्यालयवार मांडावेत. चौकशीच कमी असेल तर संस्थेची ओळख अपुरी आहे. जागा मिळूनही उमेदवार येत नसतील तर जाहिरात वाढवून काही साधणार नाही, कारण त्यांना संस्था ठाऊक होतीच. अशा उमेदवारांना दूरध्वनी करून कारण विचारावे. काणकोण किंवा सत्तरीतून रोज ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठाच्या परिसरात, येणे जड जाते, वसतिगृहाची खात्री नव्हती, पुण्यात आधी प्रवेश निश्चित झाला, अशांपैकी कोणते उत्तर वारंवार येते ते पाहावे. पहिल्या दोन कारणांवर उपाय कुलसचिवांच्या कार्यालयात शोधावा लागतो, जाहिरात संस्थेकडे नव्हे.

महाविद्यालयांशी संपर्क साधताना वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची कॅट परीक्षा साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते आणि तिचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात. त्यामुळे फेब्रुवारीत भरवलेले मार्गदर्शन शिबिर कितीही देखणे असले तरी त्या परीक्षेपुरते ते निरुपयोगी ठरते. पावसाळ्यात महाविद्यालये सुरू झाल्यापासून चवथीच्या सुट्टीपर्यंतचे काही आठवडे याच कामासाठी राखून ठेवावेत. पणजी आणि मडगाव येथील मोठ्या महाविद्यालयांत सगळेच जातात. खांडोळा, सांखळी, पेडणे आणि केपे येथील सरकारी महाविद्यालयांत आवर्जून जावे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विद्यार्थ्यापुढे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडावे की चौथे वर्ष करावे, हा प्रश्नही असतो. आपल्या अभ्यासक्रमाच्या दृष्टीने त्याचे उत्तर काय, हे स्पष्ट सांगणाऱ्या संस्थेवर विद्यार्थी विश्वास ठेवतो, मग त्या उत्तराने आपला एखादा प्रवेश वर्षभर लांबणीवर पडला तरी चालेल.

भाषण देण्यासाठी अधिष्ठात्यांपेक्षा त्याच महाविद्यालयातून आलेला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पाठवणे अधिक उपयुक्त ठरते. शुल्क, प्रवास आणि अभ्यासाचा ताण यांविषयीचे प्रश्न मुले त्याला मोकळेपणाने विचारतात. पालकांसाठीची माहिती मराठी आणि कोकणीत, साध्या वाक्यांत लिहावी, कारण पेडणे, डिचोली वा फोंड्याच्या घरांत शुल्काचा निर्णय ज्यांच्या हाती असतो, त्यांना इंग्रजी माहितीपत्रकातील विशेषणांचा काही उपयोग नसतो. नोकऱ्यांची माहिती देताना सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा छापण्याचा मोह टाळावा. किती जणांनी नोकरी शोधली, किती जणांना मिळाली आणि पगारांच्या चढत्या यादीत मधोमध येणारा आकडा, म्हणजे मध्यक, किती, एवढे पुरेसे आहे. सरासरीला एकच गलेलठ्ठ पगार वर ओढतो. मध्यकाला ओढू शकत नाही.

उद्योगांकडे जाताना सामंजस्य कराराचा मसुदा प्रथम नेऊ नये. करारावर स्वाक्षऱ्या होतात, छायाचित्र वृत्तपत्रात येते आणि बहुतेक वेळा गोष्ट तेथेच थांबते. त्याऐवजी सहा-आठ आठवड्यांत पुरे होईल असे एक मर्यादित काम मागावे. वेर्ण्याच्या औषधनिर्मिती कारखान्यात साठ्याच्या नोंदींचा अभ्यास किंवा फोंडा परिसरातील सहकारी संस्थेच्या सभासदांच्या खरेदीचे विश्लेषण ही अशी कामे आहेत. हॉटेल व्यवस्थापकांना ऑक्टोबर ते मार्च या हंगामात भेटण्याचा आग्रह धरू नये. जून-जुलैत ते निवांत बोलतात आणि पुढील हंगामासाठी इंटर्नशिपच्या जागाही तेव्हाच ठरतात. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये वाहतुकीस खुला झाल्यापासून बार्देश-पेडण्यातील निवास व वाहतूक व्यवसायांतही असे विषय सापडतात.

गोव्यातील कौटुंबिक व्यवसायांकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते, असे माझे मत आहे. 2012 मध्ये खाणकाम थांबले आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पुन्हा बंद पडले, तेव्हा डिचोली, सत्तरी व सांगे येथील ट्रकमालक, गॅरेजवाले आणि यंत्रसामग्री भाड्याने देणारे यांना व्यवसाय बदलावा लागला किंवा कर्जाची पुनर्रचना करावी लागली. त्यांच्या परवानगीने हे निर्णय वर्गात अभ्यासण्याजोग्या प्रकरणांच्या रूपाने लिहून घ्यावेत आणि त्या चर्चेला त्यांनाच बोलवावे. विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण मिळते, आणि पुढची पिढी शिकायला कोठे पाठवावी याचा विचार करताना त्या घराला आपली संस्था आठवते. याच व्यावसायिकांसाठी हिशेब, जीएसटी आणि खेळत्या भांडवलाचे व्यवस्थापन यांवर संध्याकाळचे अल्पमुदतीचे वर्ग तालुक्याच्या ठिकाणी घेता येतात. पठारावर घेतल्यास दुकान बंद करून येणारे फारच थोडे निघतील.

माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत स्नेहमेळाव्यापेक्षा नेमकी विनंती अधिक फळते: एका विद्यार्थ्याची सराव मुलाखत घ्याल का, एवढे विचारावे. गोवा विद्यापीठाच्या गोवा बिझनेस स्कूलसारखी व्यवस्थापन, वाणिज्य, अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्र यांना एकत्र आणणारी रचना असेल, तर प्रत्येक शाखेची वेगळी यादी ठेवल्याने एकाच कंपनीला आठवड्यात तिघांचे दूरध्वनी जातात आणि ती कंपनी वैतागते. म्हणून संपर्काची नोंदवही एकच असावी; कोण कोणाला केव्हा भेटले, काय ठरले आणि पुढील पाऊल कोणाचे, हे तीत लिहावे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा विचार करून संमती घेतल्याची नोंदही तेथेच ठेवावी. ही वही समन्वयकाच्या खासगी भ्रमणध्वनीत नव्हे, तर कार्यालयाच्या खात्यात असावी, कारण समन्वयक दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि नव्या माणसाला जुलैत लगेच महाविद्यालये गाठायची असतात.