जाळीदार पेट्रोल नळी कापताना तारा विस्कटू नयेत म्हणून

टर्बो बसवलेल्या गाडीत जुन्या रबरी नळ्यांऐवजी स्टीलच्या जाळीची पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉनची) नळी टाकताना खरा त्रास कापण्यात होतो. तारा फुलतात, फिटिंगचं (नळीच्या टोकाला बसणाऱ्या जोडाचं) नट वर चढत नाही आणि बोटं सोलतात.

१. कापायच्या जागी इन्सुलेशन टेपचे तीन-चार घट्ट वेढे द्या. टेपच्या मधोमध, १ मिमी जाडीच्या कटिंग डिस्कने काटकोनात कापा. पक्कड किंवा करवत नको, जाळी चेपते.

२. टेप असतानाच नट नळीवर सरकवा, मगच टेप काढा. हा क्रम चुकला की सगळं पुन्हा कापावं लागतं.

३. जाळी किंचित उघडून पितळी रिंग आतल्या नळीवर चढवा. एकही तार रिंगखाली अडकू देऊ नका, गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. फिटिंगला तेलाचा थेंब लावून आवळा.

४. दोन्ही टोकांकडून हवा मारा. राहिलेला कीस थेट इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये जातो.

रबरी नळीचं फिटिंग पीटीएफईला चालत नाही, दिसायला सारखं असलं तरी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी आतून कार्बनचा थर असलेली काळी पीटीएफई घ्या, स्थिर वीज साठत नाही.

जुनी पेट्रोल लाइन सोडण्याआधी गाडीतल्या इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची ऋण तार सोडा. लाइनमध्ये सुमारे ३ बार दाब असतो. कापाकापी गाडीपासून लांब करा, डिस्कच्या ठिणग्या उडतात.