मोटर सुरू होताच रोबॉट रीसेट होतो? आधी बॅटरी तपासा

यूएसबी केबल लावलेली असताना रोबॉट शहाण्यासारखा चालतो, पण बॅटरीवर टाकला की चाकं जरा फिरतात, आर्डुइनो बोर्डवरचा (रोबॉट चालवणाऱ्या छोट्या संगणकावरचा) दिवा मिचमिचतो आणि प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी मुलं लगेच कोड खोडायला बसतात. कृपा करून थांबवा त्यांना! दोष बहुतेक वेळा विजेच्या पुरवठ्यात असतो.

मोटर थांबलेल्या स्थितीतून फिरायला लागते तेव्हा ती क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी तेवढा देऊ शकत नाही. व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. खात्री करायची तर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावून मोटर चालू करा. आकडा धाडकन खाली आला तर चोर सापडला.

मोटरसाठी एए सेलचा वेगळा पॅक वापरा. चार अल्कलाइन सेलचे ६ व्होल्ट होतात. मात्र एल२९८एन ड्रायव्हर (बोर्डच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणारं सर्किट) असेल तर त्यातले साधारण २ व्होल्ट तोच खातो, तेव्हा सहा सेल घ्या. सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर) आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून चालवू नका.

आणि हे हमखास राहून जातं: पॅक वेगळा असला तरी त्याची ग्राउंड (म्हणजे मायनस) वायर बोर्डच्या ग्राउंडला जोडलेलीच हवी. नाहीतर सिग्नल नीट पोचत नाही, सर्वो नुसती थरथरते.

एवढं करूनही रीसेट होतच राहिला, तर मग कोड उघडा.