टेक्स्ट ब्राउझरसाठी सर्च इंजिन कसं निवडायचं

लिन्क्स किंवा डब्ल्यूथ्रीएम, म्हणजे टर्मिनलात चालणारे, फक्त मजकूर दाखवणारे ब्राउझर वापरत असाल तर आधी गूगलचा नाद सोडा. जानेवारी २०२५ पासून त्यांनी सर्चला जावास्क्रिप्ट सक्तीचं केलंय आणि या दोघांत जावास्क्रिप्ट नाहीच, त्यामुळे रिझल्ट दिसायची आशा धरू नका.

मग कुठलं घ्यायचं? नाव बघून ठरवू नका, चालवून बघा. रोज लागतो असा एखादा प्रश्न घ्या आणि तोच सगळीकडे टाका. टॅब एकदोनदा दाबून शोधाच्या खोक्यात जाता येतंय का? एंटर मारल्यावर पहिला रिझल्ट पहिल्याच स्क्रीनवर दिसतोय का, की आधी मेनू, लॉगिन, सेटिंग, भाषा अशी सगळी वरात बघत खाली जावं लागतंय? माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो, कारण रिझल्ट कितीही भारी असले तरी दर वेळी तीन पानं खाली जायला लागलं की आपण ते वापरायचंच सोडून देतो. मग रिझल्टवर कर्सर ठेवून पत्ता बघा, लिन्क्समध्ये बरोबरचं चिन्ह दाबायचं, डब्ल्यूथ्रीएममध्ये स्मॉल यू. थेट त्या साइटचा पत्ता दिसला तर छान, मध्ये लांबलचक रिडायरेक्ट असेल तर कुठे चाललोय ते कळत नाही. आणि हो, पुढच्या पानाचं बटण चालतंय का तेही बघा, ते हमखास विसरतं.

रोजच्या वापराला माझं मत डकडकगो लाइटला. पत्ता लाइट डॉट डकडकगो डॉट कॉम स्लॅश लाइट. वर एक खोकं, प्रदेश आणि कालावधी निवडायला दोन ड्रॉपडाउन, की लगेच नंबर घातलेले रिझल्ट सुरू, कधीकधी वर एखादी जाहिरात असते तेवढीच. त्यांचीच एचटीएमएल आवृत्तीही आहे, तीही जावास्क्रिप्टशिवाय चालते पण टर्मिनलात लाइटच सुटसुटीत वाटते. एक त्रास आहे, भराभर खूप शोध मारले की बॉट समजून बदकांचे फोटो ओळखा म्हणतात, आता टर्मिनलात बदक कुठून दिसणार, थोडा वेळ थांबायचं आणि परत बघायचं.

दुसरं एक हाताशी ठेवाच. मोजीक ब्रिटनचं आहे, त्यांचा इंडेक्स, म्हणजे वेब पानांची सूची, स्वतःचा, म्हणून इतरांकडे न दिसलेलं कधीकधी तिथे सापडतं. मार्जिनेलिया मला मनापासून आवडतं, ते मुद्दाम मजकूर जास्त असलेल्या छोट्या साइट वर आणतं, म्हणजे रिझल्ट उघडल्यावर ते पानही टेक्स्ट ब्राउझरात नीट वाचता यायची शक्यता जास्त, आणि हा मुद्दा लोक विचारातच घेत नाहीत, सर्च झकास आणि पुढचं पान कोरं असं झालं तर काय उपयोग! ताज्या बातम्या किंवा मराठी मजकूर मात्र तिथे शोधू नका. विबी जुन्या धाटणीच्या साध्या पानांसाठी, टाइमपासला मस्त, कामाला नाही. सर्क्सएनजी अनेक सर्च इंजिनांचे रिझल्ट एकत्र आणून दाखवतं, ते स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येत असेल तर उत्तम.

मराठीत शोधायचं असेल तर देवनागरी शब्द टाकून वेगळं टेस्ट करा. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर बहुतेक वेळा दोष इंजिनचा नसतो, लिन्क्समध्ये ओ दाबून डिस्प्ले कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा. काना-मात्रा सुटे दिसत असतील तर तो टर्मिनलचा आणि फाँटचा प्रश्न.

ठरलं की शॉर्टकट करून टाका. लाइटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, क्यू, बरोबरचं चिन्ह आणि मग शब्द, मधल्या स्पेसच्या जागी अधिकचं चिन्ह, एवढंच शेलच्या (टर्मिनलातल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) एका छोट्या फंक्शनमध्ये घाला. पत्ता कोटमध्ये ठेवा, नाहीतर शेल त्या प्रश्नचिन्हाचा भलताच अर्थ लावतं. ईलिंक्स हा आणखी एक टेक्स्ट ब्राउझर, तो वापरणाऱ्यांना हेही नको, त्यात स्मार्ट प्रीफिक्सची सोय आहे, एक अक्षर, स्पेस आणि शब्द टाकला की थेट रिझल्ट.