पन्नास हजारात कन्सोल का लॅपटॉप? आधी भाव वाचायला शिका

दसरा-दिवाळी जवळ आली की बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या पोरांचा एकच प्रश्न असतो, पन्नास हजारात काय घेऊ. मॉडेल नंतर बघू, पहिला कंपनी पैसा कुठनं काढणार आहे ते हुडका.

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, एक्सबॉक्स, प्लेस्टेशनसारखं. ते काढणाऱ्या कंपन्यांची खरी कमाई गेमवर असते. २०२१ ला अमेरिकेत फोर्टनाइट गेम काढणारी एपिक विरुद्ध ॲपल असा खटला चालला, त्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्सच्या मशीनवर कंपनीला कधीच नफा झालेला नाही. नफा येतो तो विकलेल्या प्रत्येक गेममधल्या साधारण ३० टक्के वाट्यातनं आणि मेंबरशिपमधनं. म्हणूनच त्या किमतीत तेवढ्या ताकदीचा पीसी बसत नाही, पण पुढची तीन वर्षं तुम्ही त्यांच्याच दुकानात खर्च करणार हे धरून चला. म्हणजे मशीन + वर्षाला घेणार तेवढे गेम + मेंबरशिप असा तीन वर्षांचा हिशोब कागदावर मांडा. प्लेस्टेशनवर विकतचे गेम ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायला प्लस ही मेंबरशिप लागतेच, फोर्टनाइटसारख्या फुकटच्या गेमला लागत नाही, हेही त्यात धरा.

फेब्रुवारी २०२१ ला पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल, म्हणजे डिस्क न घालता नुसते डाउनलोड केलेले गेम चालवणारा, ३९,९९० होता. दहा हजार वाचले असं वाटतंय न्हवं? पण डिजिटलवर जुनी डिस्क घेता येत नाही, खेळून झाल्यावर विकता येत नाही, मित्राशी अदलाबदलही नाही. सोनीचे मोठे नवे गेम तेव्हा ४,९९९ ला होते, अशा चार डिस्क जरी अर्ध्या किमतीत जुन्या मिळाल्या तरी ते दहा हजार भरून निघतात. वर्षातनं एखादाच गेम खेळणार असाल तर मात्र डिजिटल चालतंय, उगच जास्तीचे पैसे घालू नका.

पीसी-लॅपटॉपचं गणित वेगळं, तिथं मशीनमध्येच नफा काढायचा असतो, त्यामुळं भाव उतरतो तो स्पर्धा आली की. २०१७ ला एएमडीनं आठ कोअरचा (एकाच वेळी काम करणारे आठ भाग असलेला) रायझन ७ १८००एक्स हा प्रोसेसर ४९९ डॉलरला काढला, तेव्हा इंटेलचा आठ कोअरवाला हजार डॉलरच्या वर होता! तेव्हा नवी पिढी बाजारात येणार असेल तर थोडं थांबा, मागच्या पिढीचा भाव बऱ्याचदा खाली येतो. लॅपटॉप घेताना नुसतं ग्राफिक्स कार्डाचं नाव बघून भुलू नका, आरटीएक्स ४०६० हेच नाव कार्डाला कमी वॅट, म्हणजे कमी वीज, देणाऱ्या मशीनवर पण असतंय आणि ११५ वॅटच्यावर पण, आणि खेळताना फरक चांगलाच कळतो, म्हणून दुकानदाराला वॅट विचाराच. रॅम वाढवता येते का तेही विचारा.

आता कोल्हापूरला जाऊन स्वस्त मिळेल का? पेट्रोल जीएसटीत नाही म्हणून हद्द ओलांडली की दर बदलतो, लॅपटॉपचं तसं नाही, जुलै २०१७ पासनं दोन्हीकडं १८ टक्केच. फरक पडला तर तो दुकानदाराच्या मार्जिनचा, मग ऑनलाइनचा भाव मोबाईलवर दाखवून बेळगावच्या खडेबाजारातच घासाघीस करा की. बिलाशिवाय दोन हजार कमी करतो म्हणाला तर नको म्हणा, वॉरंटीला बिल मागतात. आणि नो कॉस्ट ईएमआय घ्यायच्या आधी रोखीचा भाव किती ते वेगळं विचारा, बऱ्याचदा रोखीवरची सूट ईएमआयवर मिळत नाही.