सोलापुरात गाडी घेताना कंपनीची सवलत पूर्ण कशी मिळवावी

कंपन्या सवलत राज्य आणि सणानुसार ठरवतात: केरळात ओणम, आपल्याकडे पाडवा, गणपती, दसरा. त्यामुळे दुसऱ्या राज्याची जाहिरात दाखवून इथे भाव पाडता येत नाही. कोटेशनमध्ये रोख सवलत, एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी दिल्यावर मिळणारा), कॉर्पोरेट सवलत (ठरावीक कंपन्यांच्या नोकरदारांना मिळणारी) वेगवेगळी लिहून घ्या. एकत्र आकड्यात कंपनीच्या सवलतीतून डीलरने किती ठेवलं ते लपतं. मोहोळ, बार्शीकडच्या शेतकऱ्यांनी ग्रामीण योजना आवर्जून विचारावी, सातबारा सोबत ठेवावा. बहुतेकदा ती आणि कॉर्पोरेट यांपैकी एकच मिळते. एक्स्चेंज बोनस अडकतो तो जुन्या गाडीच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर): नाव स्वतःचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं लागतं. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. डिसेंबरात सवलत मोठी दिसते, पण उत्पादनाचं वर्ष मागचं असल्याने जानेवारीत गाडी वर्षाने जुनी ठरते.